टीएसएच नॉर्मल, तरी अंगात त्राण नाही: थायरॉईड की लोह?

दहा-बारा वर्षं थायरॉईडची गोळी घेणाऱ्या बाईला टीएसएच (थायरॉईड कमी पडलं की रक्तात वाढणारं संप्रेरक, ज्यावरून गोळीचा डोस ठरतो) म्हणजे काय ते समजावायला नको. गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर, चहाच्या निदान अर्धा तास आधी. डोस बदलला की सहा ते आठ आठवड्यांनी तपासणी. हे सगळं तिला पाठ असतं, म्हणून ते इथेच सोडते. मला बोलायचंय ते लोकलच्या डब्यापासून हळदीकुंकवापर्यंत सतत कानावर पडणाऱ्या एका वाक्याबद्दल: "टीएसएच नॉर्मल आलाय गं, पण थकवा काही जात नाही. डोस वाढवून घेते आता."

कृपा करून असं करू नका. गरजेपेक्षा जास्त गोळीने टीएसएच फार खाली गेला, तर हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात आणि पाळी गेलेल्या बायकांची हाडं ठिसूळ होतात. टीएसएच मर्यादेत असूनही थकवा टिकून असेल तर कारण बहुधा दुसरीकडे असतं, आणि पाळी चालू असलेल्या बाईत मी आधी लोहाकडे बघायला सांगेन.

लक्षणांवरून ओळखता येईल का? थोडंफार. थंडी सोसत नाही, बद्धकोष्ठता, चेहऱ्याला सूज ही थायरॉईडची बाजू. जिना चढताना धाप, रात्री पाय हलवत राहावंसं वाटणं, बर्फ किंवा माती खावीशी वाटणं ही लोहाची. केस दोन्हींत गळतात, डोकं दोन्हींत जड राहतं. अंदाज बांधत बसण्यात अर्थ नाही, रक्त तपासा.

खरी गफलत मात्र रक्त तपासल्यावरच होते. रिपोर्टवर हिमोग्लोबिन १२.४ दिसतं, घरचे म्हणतात "रक्त तर छान आहे", आणि लोहाचा विषय तिथेच मिटतो. हिमोग्लोबिन आणि लोहाचा साठा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हिमोग्लोबिन म्हणजे आज ताटात पडलेली भाकरी. साठा म्हणजे कणगीतली ज्वारी, आणि ती मोजायची तपासणी म्हणजे फेरिटिन. कणगीचा तळ दिसायला लागला तरी ताटात भाकरी येतच राहते, कारण शरीर उरलेलं लोह आधी रक्त बनवण्याकडे वळवतं. हिमोग्लोबिन घसरतं ते सर्वांत शेवटी. तोवर थकवा वर्षानुवर्षं मुक्काम ठोकून असू शकतो. २०१२ साली फ्रान्समधल्या एका चाचणीत थकव्याने त्रासलेल्या, पण ॲनिमिया नसलेल्या १९८ बायका घेतल्या होत्या. सगळ्यांचं फेरिटिन ५० च्या खाली होतं. बारा आठवडे लोह घेणाऱ्यांचा थकवा, नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे जास्त कमी झाला.

त्यात आणखी एक अडचण. जागतिक आरोग्य संघटना निरोगी प्रौढांत फेरिटिन १५ च्या खाली गेलं की कमतरता धरते. अनेक डॉक्टर ३० च्या खालीच उपचार सुरू करतात. पण लॅबच्या कागदावर १८ हा आकडा सहसा ठळक छापून येत नाही. त्यामुळे "सगळं नॉर्मल" या शेऱ्यावर थांबू नका, आकडा स्वतः वाचा. ताप किंवा जंतुसंसर्ग असताना फेरिटिन खोटं वर जातं. तेव्हा तपासणी पुढे ढकला.

माझी तीन वर्षं यातच गेली. हिमोग्लोबिन बघून मला दरवेळी बी-कॉम्प्लेक्स लिहून दिलं गेलं. फेरिटिन मी हट्टाने मागितलं तेव्हा ते ९ निघालं.

या दोन आजारांचं नातंही आहे. थायरॉईड कमी असताना पाळीला जास्त रक्त जातं. शिवाय आपल्याकडे बऱ्याच जणींच्या थायरॉईडच्या मुळाशी हाशिमोटो, म्हणजे प्रतिकारशक्तीने स्वतःच्याच ग्रंथीवर केलेला हल्ला असतो. अशांपैकी काहींत जठरावरही तसाच हल्ला होतो आणि लोह, बी-१२ नीट शोषलं जात नाही. म्हणून फेरिटिनबरोबर बी-१२ ही बघून घ्या.

आणि बीट! बीटाचा लाल रंग लोहाचा नसतो, त्यात लोह अगदी थोडं असतं. रिकामी कणगी बीटाच्या कोशिंबिरीने भरत नाही. त्यासाठी डॉक्टरांनी दिलेली लोहाची गोळीच लागते, आणि हिमोग्लोबिन सुधारल्यावरही साधारण तीन महिने. फक्त ती थायरॉईडच्या गोळीबरोबर घेऊ नका. लोह तिला आतड्यात धरून ठेवतं, शोषूच देत नाही. दोन्हींत चार तास हवेत. कॅल्शियमलाही हाच नियम. दोन्ही गोळ्या सकाळी एका घोटात घेणाऱ्या बायका मी पाहिल्यात. मग टीएसएच वाढतो आणि पुन्हा डोस वाढतो.

मी थायरॉईडची गोळी पहाटे साडेपाचला घेते, लोहाची दुपारी लिंबूपाण्याबरोबर, आणि त्यानंतर तासभर चहा नाही. पाचव्या महिन्यात फेरिटिन ४४ आलं. थायरॉईडचा डोस होता तेवढाच आहे.