डीपी वाढला? रेग्युलेटरला हात लावण्याआधी हे वाचा
(पल्स-जेट बॅग फिल्टर वापरणाऱ्या ग्राहकांसाठी)

“डीपी दोनशेवर गेलाय, बॅगा खराब निघाल्या,” असा फोन आला की आम्ही आधी एकच विचारतो : पल्सचा दाब किंवा टायमर कोणी बदलला का? बहुतेक वेळा बदललेला असतो. (डीपी म्हणजे बॅगांच्या आतल्या आणि बाहेरच्या हवेच्या दाबातला फरक, मिमी पाण्याच्या स्तंभात; पल्स म्हणजे बॅग झाडायला सोडलेला दाबाच्या हवेचा झटका.)

धूळ एकटं कापड अडवत नाही. नीडल-फेल्टवर (बॅगेच्या जाड कापडावर) धुळीचा पातळ थर बसतो आणि बारीक कण अडवायचं काम मुख्यतः तो थरच करतो. म्हणूनच नव्या बॅगा टाकल्यावर सुरुवातीला चिमणीतून थोडी धूळ दिसते. तो बॅगांचा दोष नाही, थर अजून बसायचा आहे. पल्सने वरचा जाड थर झाडायचा आणि खालचा राखायचा, एवढंच तिचं काम.

ओढ कमी वाटली की ऑपरेटर दाब ५ बारवरून ७ वर नेतो आणि दोन पल्समधलं अंतर निम्म्यावर आणतो. मग राखायचा थरही झडतो. उघड्या पडलेल्या कापडात बारीक धूळ खोलवर शिरते आणि तिथून ती कुठल्याच पल्सने निघत नाही. काही दिवस डीपी उतरलेला दिसतो, नंतर आधीच्याही वर जाऊन तिथेच अडून बसतो. शिवाय प्रत्येक पल्सनंतर बॅग केजवर (आतल्या तारांच्या सांगाड्यावर) जोरात आपटते. केजच्या तारांच्या रेषेत उभी झीज दिसली तर कारण बहुधा हेच असतं. वर्षानुवर्षं चालणाऱ्या बॅगा अशाने काही महिन्यांत जातात.

आमच्या पॅनेलमध्ये सफाई डीपीवर चालते : १२० मिमी पाण्याच्या स्तंभाला सुरू, ८० ला बंद. मधल्या वेळात पल्स वाजत नाहीत, म्हणून पॅनेल बिघडलं असं समजू नका. पल्सचा दाब ठरवणाऱ्या रेग्युलेटरला आम्ही सील लावतो. त्यावर काही जण नाराज होतात, पण ते सील तुमच्याच बॅगांसाठी आहे.

डीपी खरंच चढला असेल तर आधी गेजच्या नळ्या काढा. काटा शून्यावर यायला हवा. आला नाही तर गेज चुकीचं दाखवतंय. शून्यावर आला तर नळ्या फुंकून साफ करा. त्या तुंबल्या तरी आकडा खोटाच येतो. मग फिल्टरजवळ उभं राहून प्रत्येक व्हॉल्व्हचा आवाज ऐका. “धप्प” असा तुटक आवाज हवा. सतत फुसफुस ऐकू आली तर डायफ्राम (व्हॉल्व्हमधला लवचीक पडदा) फाटलाय किंवा त्याखाली कचरा अडकलाय. असा एकच व्हॉल्व्ह हेडरमधली (सगळ्या व्हॉल्व्हना हवा पुरवणाऱ्या टाकीतली) हवा गळवतो आणि बाकीच्या सगळ्या रांगांची पल्स दुबळी पडते. पुढच्या पल्सआधी हेडरचा दाब पूर्ण भरतो का, तेही पाहा. हेडरचा ड्रेन उघडल्यावर पाणी आलं, तर ते पाणी बॅगांवरही गेलंय आणि धुळीचा चिखल झालाय असं समजा.

नंतर हॉपर, म्हणजे झडलेली धूळ जिथे पडते तो फिल्टरचा खालचा भाग. हॉपर म्हणजे साठवणीची टाकी नव्हे. भरला की झडलेली धूळ पुन्हा उडून बॅगांवरच बसते. हॉपरखालच्या एअरलॉकमधून (धूळ बाहेर सोडणाऱ्या झडपेतून) बाहेरची हवा आत खेचली जात असेल तरी तेच होतं.

एक-दोन बॅगा फाटल्या तर जुन्यांच्या मधोमध नवी घालू नका. नवीतून हवा सोप्या वाटेने जोरात जाते आणि ती लवकर भरते. ट्यूबशीटवरचं (बॅगा अडकवायच्या पत्र्यावरचं) तेवढं भोक बूच लावून बंद करा. बूच आम्ही प्रत्येक फिल्टरसोबत देतो. पूर्ण संच बदलाल तेव्हा पंख्याचा डॅम्पर (हवा कमी-जास्त करायची झडप) सुरुवातीला अर्ध्यावर ठेवा आणि थर बसेपर्यंत सफाई बंद ठेवा.

पॉलिएस्टर बॅगांना सतत १३० अंश सेल्सिअसच्या वर तापमान चालत नाही, आणि गरम हवेत वाफ असेल तर त्याच्या खालीही कापड कुजतं. प्रक्रिया बदलणार असाल तर बॅगा मागवण्याआधी कळवा, कापड बदलून देता येतं.

फोन करताना डीपी, हेडरचा दाब, हवेचं तापमान आणि कोणत्या रांगेचा आवाज वेगळा येतो ते सांगा. डायफ्राम किट आमच्याकडे तयार असतं. पुष्कळदा तेवढ्यावरच काम भागतं, बॅगा बदलाव्या लागत नाहीत.