फेरतपासाची कादंबरी

गुन्हेकथेचा एक उपप्रकार. बेट, खाणवस्ती, मच्छीमारांचे गाव अशा आडबाजूच्या लहान वस्तीत पूर्वी घडलेला, न उलगडलेला किंवा चुकीचा निकाल लागलेला गुन्हा पुन्हा तपासाला घेतला जातो, अशी तिची मांडणी असते. तपास करणारा बहुधा बाहेरचा असतो, नाहीतर गाव सोडून गेलेला आणि परत आलेला.

उगमाबद्दल एकमत नाही. काही अभ्यासक विल्की कॉलिन्सच्या ‘द मूनस्टोन’पासून (१८६८) सुरुवात धरतात. तीत हिऱ्याच्या चोरीचा उलगडा सुमारे वर्षभराने, अनेकांच्या लेखी निवेदनांतून होतो. इतरांच्या मते खरा आरंभ अगाथा ख्रिस्तीच्या ‘फाइव्ह लिटल पिग्ज’मध्ये (१९४२) आहे. तिथे सोळा वर्षांपूर्वीच्या विषप्रयोगाबद्दल पाच जण आपापली आठवण लिहून देतात आणि त्यांतील विसंगती हाच पुरावा ठरतो. तंत्रापुरते दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. मात्र दोन्हींत वस्तीचे मौन नाही. घटना एका कुटुंबाच्या परिघात राहते. गावाने मिळून एखादी गोष्ट दडपणे हा या प्रकाराचा गाभा मानला, तर आजचे रूप विसाव्या शतकाच्या अखेरीस, विशेषतः नॉर्डिक देशांत (स्वीडन, आइसलँड आदी उत्तर युरोपीय देशांत), घडले असावे.

त्यामागे विज्ञान आणि कायदा दोन्ही आहेत. ॲलेक जेफ्रीज यांनी १९८४ मध्ये डीएनए ठसे ओळखण्याची पद्धत शोधली आणि १९८८ मध्ये इंग्लंडमध्ये तिच्या आधारे खुनाची पहिली शिक्षा झाली. जपून ठेवलेला जुना नमुना त्यामुळे पुन्हा बोलू लागला. आइसलँडमध्ये १९९८ च्या कायद्याने राष्ट्रीय आरोग्य-माहितीकोशाची तरतूद केली, त्यावरून मोठा वाद झाला. आर्नाल्दुर इंद्रिदासोनच्या ‘मिरिन’मध्ये (२०००) अनुवंशाच्या नोंदीच जुन्या अत्याचारापर्यंत नेतात. जेमतेम तीन लाख वस्तीचा देशच तिथे एका गावासारखा वागतो, आणि ही कल्पना या प्रकारातील सर्वांत समर्थ कल्पनांपैकी आहे.

स्वीडनमध्ये खुनाचा खटला भरायला गुन्ह्यापासून पंचवीस वर्षांची मुदत होती. २०१० मध्ये ती रद्द झाली, पण फक्त १ जुलै १९८५ नंतरच्या खुनांपुरती. स्टीग लार्सनच्या २००५ च्या कादंबरीत १९६६ मध्ये बेटावरून बेपत्ता झालेल्या मुलीचा शोध पोलीस नव्हे, एक पत्रकार घेतो. अशा कथांत खासगी शोधकाला जे महत्त्व येते, त्याचे एक कारण ही मुदत असू शकेल. न्यायालयाची वाट बंद असली की सत्य कळणे हेच मृताच्या नातलगांचे उरलेले मागणे असते, आणि चांगले लेखक ते मागणे गंभीरपणे घेतात.

स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांवर घडणारी ॲन क्लीव्ह्जची ‘रेव्हन ब्लॅक’ (२००६) आणि ऑस्ट्रेलियातील दुष्काळी गावात घडणारी जेन हार्परची ‘द ड्राय’ (२०१६) या दोन्हींत नव्या मृत्यूमुळे जुना संशय पुन्हा उकरला जातो.