उच्च शिक्षण व संशोधनातील डिजिटल तंत्रज्ञान : सातारा जिल्हा

महाविद्यालये, विद्यापीठे आणि संशोधनसंस्था यांच्या अध्यापनात, ग्रंथालयांत, परीक्षांत व संशोधनात संगणक, इंटरनेट, डिजिटल संग्रह आणि मोजमापाची अंकीय उपकरणे यांचा होणारा वापर. या नोंदीत तो सातारा जिल्ह्याच्या अनुषंगाने पाहिला आहे. कोयनेच्या भूकंपाच्या ज्या नोंदीवर जगभरातले धरण-अभियंते आजही गणिते मांडतात ती नोंद याच जिल्ह्यातली, मराठी विश्वकोशाचे संपादन झाले ते वाईत, आणि खेड्यापाड्यांतल्या मुलांपर्यंत शिक्षण नेणाऱ्या रयत शिक्षण संस्थेचे मुख्यालय साताऱ्यात. त्यामुळे या तंत्रज्ञानाने काय साधले आणि कुठे घोडे अडले, हे इथे फार स्पष्ट दिसते.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. साताऱ्याचे छत्रपती शिवाजी महाविद्यालय १९४७ चे, कऱ्हाडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० चे. १९६२ मध्ये कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले आणि सातारा जिल्हा त्याच्या कक्षेत आला. पुढे २०२१ मध्ये ‘रयत’च्या साताऱ्यातील तीन महाविद्यालयांचे मिळून कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ हे समूह विद्यापीठ झाले. जिल्ह्यातली बरीचशी महाविद्यालये संस्थाचालित व अनुदानित आहेत. सरकारी योजना कुणाला लागू होते आणि कुणाला नाही, हा प्रश्न म्हणूनच इथे पदोपदी येतो.

नियतकालिके आणि ग्रंथालये. संशोधकाची पहिली अडचण वाचायला मिळण्याची. परदेशी नियतकालिकांची वर्गणी तालुक्याच्या महाविद्यालयाला कधीच झेपली नाही. नव्वदच्या दशकापर्यंत प्रबंध लिहिणारा प्राध्यापक दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुटीत पुणे-मुंबई गाठायचा, तिथल्या ग्रंथालयात बसून टिपणे काढायचा आणि झेरॉक्सचे गठ्ठे घेऊन परतायचा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या इन्फ्लिबनेट केंद्राने २०१० मध्ये ‘एन-लिस्ट’ ही सेवा सुरू केली आणि हे चित्र पालटले. अनुदानित महाविद्यालयातल्या शिक्षकाला व विद्यार्थ्याला स्वतःचा लॉगिन मिळाला आणि सहा हजारांवर नियतकालिके व लाखाहून अधिक ई-पुस्तके घरबसल्या उघडू लागली. याच केंद्राच्या ‘शोधगंगा’ या भांडारात आज पाच लाखांवर प्रबंध आहेत. आपल्या विषयावर आधी कोणी काय केले हे पाहण्यासाठी आता विद्यापीठांच्या पायऱ्या झिजवाव्या लागत नाहीत. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही योजना केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केली. तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिके आणि तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये, असा तिचा आवाका आहे. ती प्रामुख्याने केंद्र व राज्य सरकारांच्या संस्थांसाठी आहे. कऱ्हाडच्या शासकीय महाविद्यालयाला जे मिळते ते शेजारच्या अनुदानित महाविद्यालयालाही मिळायला हवे. विद्यार्थी दोन्हीकडचे सारख्याच घरांतून येतात.

लॉगिन असूनही तो वापरला जात नाही, ही तक्रार ग्रंथपाल नेहमी करतात आणि ती खरी आहे. लेख इंग्रजीत, शोधशब्द इंग्रजीत. मराठी माध्यमातून आलेला पदव्युत्तर विद्यार्थी पहिल्याच पानावर बुजतो. जिथे ग्रंथपाल स्वतः शेजारी बसून दोन-तीन लेख शोधून दाखवतो, तिथे वापर वाढतो. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या अहवालात संगणकांची संख्या येते, ग्रंथपालाचे हे बसणे येत नाही.

अध्यापन. आयआयटींनी २००३ मध्ये एनपीटीईएल हा ऑनलाइन व्याख्यानांचा उपक्रम सुरू केला, त्याची व्याख्याने अभियांत्रिकीच्या मुलांच्या अंगवळणी पडली आहेत. ‘स्वयम्’ हे राष्ट्रीय व्यासपीठ २०१७ मध्ये आले. २०२१ च्या नियमांनुसार एखाद्या सत्रातील चाळीस टक्क्यांपर्यंत श्रेयांक ‘स्वयम्’च्या अभ्यासक्रमांतून घेता येतात. ते श्रेयांक ‘ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मध्ये जमा होतात आणि त्यासाठी प्रत्येक विद्यार्थ्याचा एबीसी आयडी काढावा लागतो. आधारवरचे नाव आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरचे नाव जुळत नाही म्हणून प्रवेशाच्या दिवसांत कार्यालयाच्या खिडकीशी ज्या रांगा लागतात, त्या याच आयडीसाठी. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे पाठ मराठीतही आहेत. लेटेक, पायथन किंवा लिब्रेऑफिस यांसारखी संगणकीय साधने शिकू पाहणाऱ्याला त्यांच्याइतकी सोपी वाट दुसरी नाही.

मार्च २०२० नंतरच्या टाळेबंदीत सगळे वर्ग मोबाइलवर आले. सातारा, कऱ्हाड, फलटण या शहरांत ते कसेबसे चालले. जावळी, पाटण, महाबळेश्वर तालुक्यांतल्या दऱ्याखोऱ्यांत रेंजच नव्हती. मुले टेकाडावर जाऊन तास ऐकत आणि पावसाळ्यात तेही बंद पडे. घरात एकच स्मार्टफोन आणि तोही वडिलांबरोबर कामावर गेलेला, ही परिस्थिती माणदेशापासून कोयनाकाठापर्यंत सारखीच होती. त्या काळात खरे काम केले ते व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या छोट्या ध्वनिफितींनी आणि हाताने लिहिलेल्या टिपणांच्या फोटोंनी. थेट प्रक्षेपणापेक्षा त्यांना डेटा कमी लागे आणि रात्री रेंज आली की ते उतरवून घेता येत. दुर्गम भागासाठी काही आखायचे असेल तर सुरुवात या अनुभवापासून करायला हवी.

कोयना : एका नोंदीचा प्रवास. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर परिसरात ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. जलाशयातील पाण्यामुळे चेतवल्या गेलेल्या भूकंपांचे हे जगातले सर्वांत ठळक उदाहरण मानले जाते. धरणाच्या अंगातच बसवलेल्या त्वरणमापकाने (हादऱ्याचा जोर टिपणाऱ्या उपकरणाने) त्या धक्क्याचा आलेख टिपला. गुरुत्वाकर्षणी त्वरणाच्या जवळजवळ निम्म्यापर्यंत धरण आडवे हलल्याचे त्यात दिसते. एवढा जोरदार हादरा खाऊन, वरच्या भागात तडे जाऊनही उभे राहिलेले काँक्रीटचे धरण आणि त्या हादऱ्याची प्रत्यक्ष धरणावरची नोंद, असा योग विरळाच.

सुरुवातीला ती नोंद म्हणजे एक वेडीवाकडी रेघ होती. ठरावीक सूक्ष्म अंतरावर त्या रेघेची उंची मोजून अंकांची मालिका तयार केली गेली आणि रेघेची आकडेवारी झाली. आता ती संगणकात घालता येते, धरणाच्या प्रतिमानावर (मॉडेलवर) चालवता येते आणि तडा कुठून सुरू होईल हे पाहता येते. अबॅकस या नामांकित अभियांत्रिकी प्रणालीच्या नमुना-उदाहरणांत कोयना धरण आहे. धरणावर प्रबंध करणारा विद्यार्थी जगाच्या पाठीवर कुठेही असो, आपले गणित तपासायला तो हीच मालिका घेतो. अंकीकरणाने संशोधनाला काय मिळते याचा यापेक्षा चांगला दाखला शोधून सापडणार नाही. कागद तोच, पण त्यातले आकडे मोकळे झाले आणि दुसऱ्याच्या हाती देता आले.

केंद्रीय पृथ्वीविज्ञान मंत्रालयाची भूभौतिकी विंधन-संशोधन प्रयोगशाळा आज कऱ्हाडला आहे. कोयना भागात गोठणे येथे तीन किलोमीटर खोलीचे प्रायोगिक विंधनविवर २०१७ मध्ये पूर्ण झाले. भूकंप जिथे जन्म घेतात तिथल्या खडकाचे तापमान, दाब, भेगा यांची मोजणी थेट करणे हा या साऱ्या खटाटोपाचा हेतू. दख्खनच्या बेसॉल्टचे थर ओलांडून खालच्या ग्रॅनाइटी पायापर्यंत पोचलेली ही मोजमापे जिल्ह्यातल्या भूगोल व भूशास्त्राच्या वर्गांत अजून पुरेशी पोचलेली नाहीत. पाटणच्या मुलाला आपल्या पायाखालच्या खडकाची माहिती पाठ्यपुस्तकातल्या कॅलिफोर्नियाच्या उदाहरणाआधी मिळायला हवी.

कासचे पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत गेले. तिथल्या वनस्पतींच्या अभ्यासात जीपीएसची स्थाननोंद, मोबाइलवरची छायाचित्रे आणि क्यूजीआयएससारख्या मोफत नकाशा-प्रणाली आता रूढ झाल्या आहेत. एक पथ्य मात्र पाळावे लागते. वायतुऱ्यासारख्या केवळ या टापूत वाढणाऱ्या वनस्पतीचे अचूक स्थान उघड केले, तर उपटणाऱ्यालाही तीच वाट सापडते. अशा जातींचे अक्षांश-रेखांश धूसर करूनच नोंद प्रसिद्ध करतात.

वाई आणि मराठी ज्ञान. वाईची प्राज्ञपाठशाळा ही संस्कृत विद्येची जुनी जागा. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला आणि पुढची चार दशके खंड निघत राहिले. हे जाडजूड खंड मोठ्या ग्रंथालयांतच मिळत. २०११ पासून ते इंटरनेटवर येऊ लागले, तेही पानांची चित्रे म्हणून नव्हे तर शोधता येणारा मजकूर म्हणून. पुढे विषयवार ज्ञानमंडळे स्थापून नोंदी नव्याने लिहिण्याचे व जुन्या अद्ययावत करण्याचे काम सुरू झाले. मराठीतून शिकणाऱ्या विद्यार्थ्यासाठी राज्यात याच्या तोडीचे दुसरे डिजिटल काम झाले नसेल.

मराठी प्रबंधांच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. मराठी, इतिहास, समाजशास्त्र या विषयांतले जुने प्रबंध शोधगंगेवर आहेत खरे, पण बरेचसे स्कॅन केलेल्या पानांच्या स्वरूपात. माणसाला ते वाचता येतात, यंत्राला त्यांत शब्द शोधता येत नाही. संगणकावर टंकलेले प्रबंधही पुष्कळदा याच रांगेत बसतात, कारण सातारा-कऱ्हाडच्या डीटीपी दुकानांत वर्षानुवर्षे श्रीलिपी, आकृती यांसारखे जुने फॉन्ट वापरले गेले. त्यांत मराठी अक्षर दिसते, पण आत साठलेला असतो भलत्याच अक्षराचा क्रमांक. फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की सगळा गोंधळ. प्रत्येक अक्षराला सगळ्या संगणकांवर एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. तरी प्रबंध पेनड्राइव्हवर घेऊन दुकानात जाणाऱ्या विद्यार्थ्याला हे सांगायला अनेकदा कोणी नसते.

युनिकोडनेही सगळे प्रश्न मिटत नाहीत. ‘कऱ्हाड’ हेच नाव घ्या. त्यातला अर्धा र संगणकात दोन प्रकारे साठवता येतो. एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर, हलन्त आणि ह. दुसऱ्यात साधा र, हलन्त, मग न दिसणारे एक जोडचिन्ह आणि ह. पडद्यावर दोन्ही शब्द हुबेहूब सारखे, पण साध्या शोधप्रणालीला ते दोन वेगळे शब्द वाटतात. एका पद्धतीने शोधणाऱ्याला दुसऱ्या पद्धतीने टंकलेले कऱ्हाड सापडत नाही, आणि ‘कराड’ असे लिहिणारे तिसरेच. ‘ॲ’ची तीच गत. कऱ्हाडच्या बाजारपेठेवर किंवा कृष्णाकाठच्या शेतीवर प्रबंध लिहिणाऱ्याने आधीचे काम शोधले आणि काहीच सापडले नाही, तर ते झालेलेच नाही असे समजू नये. शोध तिन्ही प्रकारे घ्यावा. विद्यापीठांनी मराठी प्रबंधांबरोबर युनिकोडमधली मूळ फाइल घेणे सक्तीचे करावे. त्याला ना मोठा निधी लागतो ना नवे यंत्र.

याचा परिणाम वाङ्मयचौर्याच्या तपासणीवरही होतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालते. दहा ते चाळीस टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यावे लागते, चाळीस ते साठ असेल तर वर्षभर थांबावे लागते, साठच्या वर गेले की नोंदणीच रद्द. सिमिलॅरिटी रिपोर्ट काढणारी प्रणाली ज्याच्याशी ताडून पाहते तो मराठी मजकूरच यंत्राला वाचता येत नसेल, तर अहवालात दोन टक्के येतात आणि ते दोन टक्के कशाचीच ग्वाही देत नाहीत. मराठी प्रबंधाचा खरा तपास आजही मार्गदर्शकाच्या व परीक्षकाच्या वाचनावरच उभा आहे.

मोडी कागद. सातारच्या छत्रपतींच्या राजवटीचे, इनामदार-वतनदारांचे असंख्य कागद मोडी लिपीत आहेत. युनिकोडमध्ये मोडीला २०१४ साली जागा मिळाली. कागदांची छायाचित्रे घेण्याचे काम अनेक संग्रहांत झाले आहे. मोडी हस्तलिखितावरून देवनागरी मजकूर देणारे कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रतिमान आयआयटी रुरकीने २०२५ मध्ये पुढे आणले. हे काम फार मोलाचे आहे, कारण मोडी वाचणारे हात मोजके आणि कागदांचे रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे) अगणित.

मात्र अक्षर उमटले म्हणजे कागद वाचून झाला असे नव्हे. मोडीत लेखणी न उचलता लिहीत जातात, शब्द तोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत. तारीख येते शुहूर सन या जुन्या कालगणनेत आणि तीही अरबी अंकनामांत. ‘इसन्ने सबैन मया व अलफ’ हे शब्द यंत्राने अचूक उतरवून दिले, तरी दोन, सत्तर, शंभर आणि हजार मिळून ११७२, आणि ११७२ म्हणजे इसवी सन १७७१–७२, हा हिशेब वाचणाऱ्याला यावा लागतो. राज्याचा पुराभिलेख विभाग मोडीचे वर्ग घेतो. इतिहासाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला असा वर्ग आणि कागदांच्या छायाचित्रांचा संग्रह एकाच सत्रात मिळाला, तर यंत्राने काढलेले लिप्यंतर तो मूळ कागदाशी ओळीगणिक ताडून दुरुस्त करू शकतो, आणि त्या दुरुस्त्या पुन्हा प्रतिमानाला शिकवायला वापरता येतात.