माहितीविषयक खासगीपणा (भारत)

स्वतःविषयीची कोणती माहिती कोणाला, कशासाठी आणि किती काळ वापरू द्यायची हे ठरवण्याचा व्यक्तीचा अधिकार. मराठीत यासाठी ‘गोपनीयता’ हा शब्द सर्रास वापरतात. तो अपुरा आहे, कारण शेकडो जणांना ठाऊक असलेला, म्हणजे मुळीच गोपनीय नसलेला मोबाइल क्रमांकही या अधिकाराच्या कक्षेत येतो.

भारतात या अधिकाराचा वाद संगणकावरून नव्हे, तर पोलिसी पाळतीवरून सुरू झाला. संशयितांच्या घरी रात्री-अपरात्री जाऊन ते आहेत की नाहीत हे पाहण्याची मुभा उत्तर प्रदेशातील पोलीस नियमांनी दिली होती. खरकसिंग खटल्यात (१९६२) सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली, पण खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे बहुमताने नाकारले. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ मध्ये आधार योजनेला आव्हान दिले, तेव्हा केंद्र सरकारने याच जुन्या निकालावर भिस्त ठेवली. अखेर २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा एकमताने दिला. सरकारी हस्तक्षेपाला कायद्याचा आधार, रास्त हेतू आणि त्या हेतूच्या प्रमाणातच उपाय असला पाहिजे, ही कसोटी त्यातून रुजली. मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये एका उद्योजकाचे फोन चोरून ऐकण्याचे आदेश रद्द केले, ते याच निकालाच्या आधारे.

खासगी कंपन्यांनाही बांधून घेणारा ‘डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम’ २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. कायद्याचा मुख्य भर संमतीवर आहे: ती मुक्त, विशिष्ट आणि माहितीपूर्ण असावी, आणि देणे जितके सोपे तितकेच ती मागे घेणेही सोपे असावे. सुरक्षिततेची पुरेशी काळजी न घेणाऱ्या कंपनीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तथापि, लांबलचक अटी न वाचताच ‘मान्य आहे’ वर बोट ठेवणाऱ्याची संमती कितपत माहितीपूर्ण असते, हा प्रश्न कायद्याने पुरता सोडवलेला नाही.

टीका मुख्यतः दोन तरतुदींवर होते. राज्याची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था यांसारख्या कारणांसाठी केंद्र सरकार आपल्या यंत्रणांना कायद्यातून सूट देऊ शकते. शिवाय याच कायद्याने माहिती अधिकार अधिनियमाचे कलम ८(१)(ञ) बदलले. वैयक्तिक माहिती नाकारताना व्यापक जनहित तपासण्याची त्यातील अट गळाली आणि जनहितासाठी कलम ८(२) मधील सर्वसाधारण तरतूद तेवढी उरली.