लॉगिनला हजेरी म्हणायचा घोळ सुरू झाला कुठून

मूडल म्हणजे ऑनलाइन वर्ग चालवायचं सॉफ्टवेअर, ऑगस्ट २००२ मधलं, ऑस्ट्रेलियात तयार झालेलं, ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला. जुलै २०१७ ला सरकारचं ऑनलाइन कोर्सचं स्वयम आलं आणि त्याच्या आधी जिओमुळे डेटा स्वस्त झालाच होता, म्हणजे सामान सगळं हाताशी होतं. पण नागपुरात आम्ही ज्या कॉलेजचं प्लॅटफॉर्म उभं केलं ते एप्रिल २०२० मध्ये, लॉकडाऊन लागल्यावर, अक्षरशः आठ दिवसांत.

शेअर्ड होस्टिंग, म्हणजे बऱ्याच वेबसाइट्सच्या वाट्यातला सर्व्हर, घेतलं, त्यावर मूडल टाकलं. पहिला फटका बसला अपलोडचा. मूडल ज्या पीएचपी भाषेत चालतं तिची अपलोडची मूळ मर्यादा २ एमबीची, आणि मुलं वहीच्या पानाचे मोबाईलवर काढलेले फोटो पाठवून राहिली होती, एकेक चार-पाच एमबीचा, त्यामुळे निम्म्या मुलांचे पेपर चढलेच नाहीत. मर्यादा वाढवली तर सकाळी दहाच्या टेस्टला सगळे एकदम आले अन् सर्व्हर बसला. ते निस्तरलं, व्हिडिओ यूट्यूबवर अनलिस्टेड (लिंक असेल त्यालाच दिसतील असे) टाकले, टेस्ट बॅचनुसार लावली.

खरा वाद पेटला तो हजेरीवर. मूडलच्या मूळ पॅकेजमध्ये हजेरी नावाचं काही नाहीच, त्याचं प्लगिन, म्हणजे वरून जोडायचा सुटा भाग, वेगळं टाकावं लागतं. मूळ पॅकेजमध्ये असतं ते कम्प्लिशन, म्हणजे काम पूर्ण झाल्याची खूण, आणि सेटिंग तशी ठेवली तर मुलानं पान नुसतं उघडलं तरी टिक पडते. लॉग म्हणजे तिसरीच गोष्ट, कोण कधी आलं त्याची नोंद. वरून फर्मान आलं की ७५ टक्के हजेरीचा तक्ता दर महिन्याला पाहिजे, प्लगिन तेव्हा टाकलेलं नव्हतं, म्हणून घाईत लॉगिनचे दिवस मोजले आणि कॉलमवर 'उपस्थिती' लिहून तक्ता पाठवून दिला.

गडचिरोलीकडची एक मुलगी होती, तिच्या गावात रेंज नाही. आठवड्यातून एकदा भावाच्या गाडीवर मोठ्या रस्त्यापर्यंत यायची, मोबाईल ॲपमध्ये धडे डाउनलोड करायची, घरी जाऊन सगळे सोडवायची आणि पुढच्या खेपेला रेंजमध्ये आली की उत्तरं वर चढायची. तिच्या टेस्टचे मार्क वर्गात पहिल्या पाचात, आणि आमच्या तक्त्यात ती महिन्यातले चार दिवस हजर. शहरातला पोरगा रोज सकाळी लॉगिन करून लॅपटॉप उघडा ठेवून झोपला तरी शंभर टक्के. तिला परीक्षेला बसू द्यायचं की नाही यावर मीटिंगा झाल्या, आणि काही जण शेवटपर्यंत म्हणत राहिले की रेकॉर्ड म्हणजे रेकॉर्ड. माझ्या मते ही सरळसरळ आमची चूक होती, शिक्षा मात्र तिला होऊन राहिली होती.

शेवटी तिला बसू दिलं, तेही प्राध्यापकांनी हमीपत्र लिहून दिल्यावर.

त्यानंतर प्लगिन टाकलं. आता लाईव्ह तासाची हजेरी वेगळी निघते, सोडवलेल्या कामाचा रिपोर्ट वेगळा आणि लॉग फक्त टेक्निकल तक्रारीसाठी उघडतो. ७५ टक्क्यांच्या तक्त्यात यातलं नेमकं काय धरायचं ते मात्र कॉलेजनं अजून लेखी दिलेलं नाही.