बसलेला गाळ आणि सुटलेला गाळ

डिझेल इंजिनाच्या माथ्यावरचं झाकण, म्हणजे टॅपेट कव्हर, काढलं की आतले व्हॉल्व्ह हलवणारे भाग, म्हणजे रॉकर, स्प्रिंगा आणि पुशरॉडची टोकं, तेलानं ओली, तपकिरी दिसायला हवीत. वर्षानुवर्षं नुसतं वरून तेल टाकत चालवलेल्या ट्रकमध्ये तिथं काळा, मेणचट थर असतो. त्यात स्क्रू-ड्रायव्हरचं टोक खुपसून बाहेर काढलं तर खड्डा तसाच राहतो, भरून येत नाही. मग कुणीतरी सुचवतं, चार-पाच लिटर डिझेल ओता, दहा मिनिटं इंजिन चालवा आणि सगळं काळं पाणी सोडून द्या. बरीच इंजिनं खरी मरतात ती या दहा मिनिटांत.

गाळ जागेवर बसलेला असतो तोवर तो उष्णता अडवतो, वाटा अरुंद करतो, पण गाडी कशीबशी चालते. एकदम सुटला की त्याचे पापुद्रे चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी तेल साठणाऱ्या भांड्यात, पडतात आणि तेलपंपाच्या ओढीनं थेट त्याच्या तोंडावरच्या स्ट्रेनरच्या जाळीवर जाऊन बसतात. जाळी बुजली की पंपाला तेल मिळत नाही आणि क्रँकचे बेअरिंग काही सेकंदांत कोरडे पडतात. त्यात डिझेलनं तेल आधीच पातळ केलेलं असतं. ४० ग्रेडच्या तेलाची विष्यंदिता (जाडपणाचं माप) १०० अंश सेल्सिअसला १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक असते. डिझेलची ४० अंशालाच २ ते ४.५. बेअरिंग आणि क्रँक यांना वेगळं ठेवणारा तेलाचा पडदा चालू इंजिनात जेमतेम काही मायक्रॉन जाडीचा असतो. तो टिकतो तेलाच्या जाडपणावर.

हा गाळ येतो कुठून? डिझेल जळताना काजळी होते. तिचे मूळ कण इतके बारीक असतात की फिल्टरमधून सहज पार होतात. तेलातली डिस्पर्संट द्रव्यं या कणांना वेढून एकमेकांपासून दूर ठेवतात, म्हणून चांगलं तेलही काळं दिसतं. काळेपणा हा दोष नव्हे. डिस्पर्संट संपली की कण एकत्र येऊन गुठळ्या होतात. दुसरीकडे तेलाचं ऑक्सिडेशन चालूच असतं, आणि तापमान १० अंशांनी वाढलं की त्याचा वेग साधारण दुप्पट होतो. त्यातून आम्लं आणि चिकट राळ तयार होते. आम्लं मारायला तेलात अल्कली घातलेली असते. तिचं माप म्हणजे टीबीएन. नव्या डिझेल तेलाचा तो साधारण १० असतो आणि तो वापरात उतरत जातो.

तिसरा वाटेकरी पाणी. एक लिटर डिझेल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. बहुतेक सायलेन्सरमधून वाफ होऊन जातं, पण पिस्टनच्या रिंगांच्या फटींतून थोडं क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँकभोवतीच्या पोकळीत, उतरतं. इंजिन नीट तापलं तर ते ब्रीदरवाटे, म्हणजे क्रँककेसची वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीवाटे, निघून जातं. इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडचं पाणी अडवणारा थर्मोस्टॅट काढून टाकलेल्या गाडीत तेल पुरेसं तापतच नाही, आणि ‘गाडी गरम होते’ म्हणून थर्मोस्टॅट काढण्याची आपल्याकडची सवय जुनी आहे. पाणी, राळ आणि काजळी एकत्र घोटली गेली की गाळ तयार. काँक्रीट मिक्सर किंवा बोअरवेलच्या गाडीत तो लवकर साचतो, कारण इंजिन उभ्या उभ्या तासन्‌तास चालतं आणि किलोमीटरचा काटा हलत नाही. एक तास नुसतं आयडलिंग म्हणजे तेलाच्या दृष्टीनं सुमारे ४० किलोमीटर, असा ढोबळ हिशेब धरतात. गळीत हंगाम संपल्यावर जळकं तेल पोटात ठेवून पावसाळाभर उभ्या राहणाऱ्या उसाच्या ट्रकची गतही तीच.

इथे नमुना म्हणून टाटा-कमिन्सचं ५.९ लिटरचं, मेकॅनिकल डिझेल पंपाचं, सहा सिलेंडर-बारा व्हॉल्व्हचं जुनं इंजिन घेऊ. काम सुरू करण्याआधी दोन स्वस्त चाचण्या कराव्यात. गेजपट्टीवरचा (तेलाची पातळी बघायच्या पट्टीवरचा) एक थेंब टीपकागदावर सोडून कागद काही तास आडवा ठेवायचा. मधला काळा ठिपका बाहेरच्या करड्या वलयात हळूहळू मिसळत गेला असेल तर तेलात अजून जीव आहे. काळा डाग कडेला रेघ मारल्यासारखा थांबला असेल तर डिस्पर्संट संपलेली आहेत. दुसरी चाचणी तव्याची: पाण्याचा थेंब चुर्र होऊन उडेल इतका तवा तापवून त्यावर तेलाचा थेंब टाकायचा, डोळ्यांवर चष्मा लावून. तडतडलं तर तेलात पाणी आहे. (तो तवा पुन्हा भाकरीला नको.)

पाणी निघालं, तेल दुधाळ दिसलं किंवा रेडिएटरची पातळी उतरत असली तर आधी ऑइल कूलर आणि हेड गॅस्केट तपासा. या इंजिनात कूलर ब्लॉकच्या कुशीत, फिल्टरच्या बैठकीमागे असतो. तिथून कूलंट तेलात येत असेल तर कितीही साफसफाई करा, महिन्याभरात चॉकलेटी लगदा परत हजर. उलट गेजपट्टीवर पातळी वाढत असेल आणि डिझेलचा वास येत असेल तर डिझेल फवारणारं नोझल किंवा डिझेल पंपाचं सील बघा.

आता प्रत्यक्ष काम. तेलाच्या दाबाचा गेज आयडलिंगला ०.७ बार आणि पूर्ण वेगाला २ बारच्या वर असेल तरच इंजिन चालवून कोमट करा. दाब त्याखाली असेल तर स्टार्टच करू नका. तेल सोडा, रात्रभर ठिबकू द्या. मग चेंबर उतरवा. हेच काम बहुतेक जण टाळतात, कारण काही गाड्यांत चेसिसची आडवी पट्टी, क्रॉसमेंबर, आड येतो आणि इंजिन थोडं उचलावं लागतं. पण अर्ध्याहून जास्त गाळ चेंबरमध्येच असतो, आणि तो हातानं बाहेर काढला तर जाळीपर्यंत पोचायचा प्रश्नच उरत नाही.

चेंबरमधला गाळ लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीनं खरवडा, चिमटीत घेऊन बोटांमध्ये चोळून बघा. हातमोजे नायट्राइलचे घाला. वापरलेलं तेल त्वचेला चांगलं नाही. नुसता चिकट लागला तर ठीक. रेतीसारखी कचकच लागली किंवा उन्हात चांदीसारखे बारीक पत्रे चमकले तर ते बेअरिंगचं अस्तर आहे. मग एक-दोन कनेक्टिंग रॉडचे कॅप उघडून शेल (बेअरिंगच्या अर्धवट वाट्या) पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. शेल शाबूत असतील तर बोल्ट तीन टप्प्यांत १०० न्यूटन-मीटरपर्यंत कसायचे. सक्शन पाइप सोडवून जाळी डिझेलमध्ये भिजवा, आतून बाहेर हवा मारा, उजेडासमोर धरा. एकूण एक भोक दिसत नसेल तर नवी जाळी टाका. पाइपचं गॅस्केट मात्र नवंच हवं. तिथून हवा ओढली गेली की साफ केलेल्या इंजिनातही दाब नाचतो.

गॅस्केटच्या बैठकी साफ करायला ग्राइंडरवरची घासणी चकती वापरू नका. तिच्यातून झडणारी ॲल्युमिनियम ऑक्साइडची भुकटी बेअरिंगला गाळापेक्षा वाईट.

वर या इंजिनाला सहा सुटी टॅपेट कव्हरं आहेत, ही सोय आहे: एका वेळी एकच उघडायचं. रॉकरला लागलेलं तेल पुशरॉडच्या भोकांतून खाली परततं, म्हणून आधी तिथं चिंध्या कोंबा, पण मोजून. जितक्या आत गेल्या तितक्या बाहेर आल्या पाहिजेत. गाळ चमच्यानं उचला. डिझेलचा ब्रश फिरवायचा तो शेवटी, आणि चेंबर खाली उघडा असतानाच, म्हणजे जे गळेल ते थेट ट्रेमध्ये. कव्हरं उघडलीच आहेत तर थंड इंजिनावर टॅपेट लावून (रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट मोजून) घ्या: इनटेक ०.२५ मिमी, एक्झॉस्ट ०.५१ मिमी. ब्रीदरची नळीही सोडवून धुवा. ती तुंबली की क्रँककेसमधला दाब सील बाहेर ढकलतो. टर्बोच्या तेलाच्या पाइपमध्ये कोळसा जमला असेल तर कोरत बसू नका, पाइप बदला. सुटलेला एक कण मिनिटाला लाखभर फेरे घेणाऱ्या शाफ्टला पुरतो.

आतल्या वाटांना, म्हणजे क्रँकची भोकं किंवा पिस्टनच्या पोटावर फवारा मारणारी बारीक नोझलं यांना, हात पोचत नाही. तिथलं काम नव्या तेलाला करू द्यायचं, सावकाश. चेंबर नव्या गॅस्केटसह चढवा, बोल्ट २४ न्यूटन-मीटर. तेल सीआय-४ प्लस दर्जाचं, १५डब्ल्यू-४० ग्रेडचं. महाग सिंथेटिक नको, कारण ते लवकरच ओतून द्यायचं आहे. फिल्टर तेलानं भरून लावा. डिझेल बंद करणारा स्टॉपर ओढून धरा आणि सेल्फ १५-१५ सेकंद मारा, मध्ये दोन मिनिटं विश्रांती, गेजचा काटा उचलेपर्यंत. त्यानंतरच इंजिन सुरू करा.

पहिले ५०० किलोमीटर हलका माल, मग फक्त फिल्टर बदला. जुना फिल्टर कापून घड्या उलगडा. काळ्या गुठळ्या येणारच. फिल्टर बुजला की त्याचा बायपास उघडतो आणि तेल न गाळताच पुढे जातं, म्हणून ही घाई. आणखी १००० किलोमीटरनं तेल आणि फिल्टर दोन्ही. तिसऱ्या खेपेला घड्या काळ्या पण गुठळ्यांशिवाय निघाल्या तर नेहमीच्या मुदतीवर या. ‘सफाईनंतर तेल गळायला लागलं’ अशी तक्रार या काळात येते. झिजलेलं सील आधीपासून गळतच होतं, गाळानं फट बुजवली होती. सील बदला.

निघालेलं जळकं तेल २०१६च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतं. ते झाकणाच्या डब्यात साठवून परवानाधारक री-रिफायनरकडे द्या. गाळानं माखलेल्या चिंध्याही वेगळ्या ठेवा, भंगारात टाकू नका.