छोट्या आगबोटीची वाफ जाते कुठे?

१७६३-६४ च्या हिवाळ्यात ग्लासगो विद्यापीठात उपकरणं बनवणाऱ्या एका तरुण कारागिराकडे दुरुस्तीसाठी एक मॉडेल आलं. खाणीतलं पाणी उपसणाऱ्या न्यूकोमेनच्या अवाढव्य इंजिनाची ती वर्गात दाखवायची प्रतिकृती होती. सिलिंडर जेमतेम २ इंच व्यासाचा. कारागिराचं नाव जेम्स वॅट. त्याने इंजिन नीट केलं, बॉयलर पेटवला, दट्ट्या काही वेळा वरखाली झाला आणि वाफ संपली. बॉयलर तर दिसायला पुरेसा मोठा होता, जाळही चांगला होता. मग वाफ जात होती कुठे?

वॅटच्या लक्षात आलं की ती सिलिंडरच्या भिंतींवर जात होती. थंड धातूला वाफ टेकली की तिचं पाणी होतं आणि सिलिंडर भरायला पुन्हा नवी वाफ लागते. त्यात न्यूकोमेनच्या इंजिनात दर फेरीला सिलिंडरमध्ये थंड पाणी फवारलं जाई, त्यामुळे भिंती पुन्हा पुन्हा गार पडत. मोठ्या इंजिनातही हे होतच होतं, पण मॉडेलमध्ये ते डोळ्यांत भरलं. कुठलीही वस्तू दहापट लहान केली की तिचं घनफळ हजारपट कमी होतं, पृष्ठभाग मात्र शंभरपटच. म्हणजे वाफेच्या प्रत्येक थेंबामागे उष्णता चोरणारी भिंत दहापट जास्त. या कोड्यातूनच १७६५ मध्ये वॅटला वेगळ्या कंडेन्सरची, म्हणजे सिलिंडरबाहेर वाफेचं पाणी करणाऱ्या भांड्याची, कल्पना सुचली आणि १७६९ मध्ये तिचं पेटंट झालं.

खऱ्या वाफेवर चालणारी छोटी बोट बनवणाऱ्या प्रत्येकाला हेच कोडं आजही सोडवावं लागतं. हा छंद ब्रिटनमध्ये चांगला मुरलेला आहे; लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कमधला मॉडेल स्टीमबोट क्लब १९०४ सालचा. आपल्याकडे जत्रेत मिळणारी, तेलाच्या वातीवर फटफट करत परातीत फिरणारी पत्र्याची बोट सगळ्यांनी पाहिलेली असते, पण तिच्यात ना दट्ट्या ना पंखा. मी म्हणतोय ती हातभर लांबीची, तांब्याचा बॉयलर, पितळी इंजिन आणि मागे पंखा असलेली बोट. ती चालेनाशी झाली की नवखा माणूस इंजिन खोलतो. माझ्या मते पहिला संशय उष्णतेवर घ्यावा.

थोडा हिशोब करू. सिलिंडरचा व्यास १० मिमी, दट्ट्याची धाव १२ मिमी आणि वाफ दोन्ही बाजूंनी ढकलणारी, असं इंजिन घ्या. एका फेऱ्यात ते सुमारे १.९ घन सेंमी वाफ पितं. मिनिटाला १००० फेरे आणि २ बार दाब (म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा २ बार जास्त; १ बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाएवढा) धरला तर कागदावर मिनिटाला साधारण ३ ग्रॅम पाणी लागतं. तेवढ्या पाण्याची वाफ करायला सुमारे १३० वॅट उष्णता हवी, आणि त्यातून मिळणारी शक्ती फार तर ६ वॅट. घर्षण, गळती, बर्नरमधून वाया जाणारा जाळ यांतलं काहीही न धरता शंभरातले पाचसुद्धा पदरात पडत नाहीत. त्यात गार भिंतींनी वाटा मागितला की बोट तळ्याच्या मध्यावर थांबलीच.

बॉयलर समजून घ्यायला पुण्याच्या तांबट आळीतला आंघोळीचा बंब डोळ्यासमोर आणा. मधोमध नळी, नळीत जाळ, भोवती पाणी. छोट्या बोटीतला बॉयलर बहुधा हाच बंब आडवा करून, नळीत गॅसचा बर्नर बसवून केलेला असतो. नळीच्या आत आडव्या बारीक नळ्या घातल्या की जाळाला भिडणारं तांबं वाढतं. फरक एकच, पण जिवावरचा: बंब वरून मोकळा असतो, हा बंद.

२ बार दाबाला पाणी सुमारे १३४ अंशांवर उकळतं. रेडिओच्या सर्किटला लावतात ते शिशा-कथलाचं सोल्डर १८३ अंशांच्या आसपास वितळतं, आणि त्याच्या बरंच आधी नरम पडतं. पाण्याची पातळी नळीखाली गेली की उघडं पडलेलं तांबं बघता बघता तापतं आणि सांधा सुटतो. म्हणून सगळे सांधे ६०० अंशांच्या वर वितळणाऱ्या चांदीच्या ब्रेझिंगनेच (चांदी मिसळलेला धातू वितळवून केलेल्या जोडानेच) करायचे, तिथे काटकसर नाही. तयार बॉयलर कामाच्या दाबाच्या दुप्पट दाबाला तपासायचा, तोही गार पाणी काठोकाठ भरून, हातपंपाने. पाणी जवळजवळ दाबलं जात नाही, त्यामुळे सांधा फुटला तरी एक थेंब बाहेर येतो आणि दाब उतरतो. हवेने किंवा वाफेने पहिली चाचणी कधीच घेऊ नये. २०० मिली पाणी १३४ अंशांवर असताना भांडं फुटलं, तर त्यातल्या साधारण १२ ग्रॅम पाण्याची क्षणात वाफ होते, म्हणजे सुमारे २० लिटर! आपला बॉयलर कायदा २५ लिटरपेक्षा लहान भांड्यांना लागू होत नाही, म्हणजे इथे तपासनीस येणार नाही. सेफ्टी व्हॉल्व्ह नेमून दिलेल्या दाबाला उघडतोय की नाही, हे बनवणाऱ्यानेच प्रत्येक वेळी पाहायचं.

इंजिनांत सगळ्यात साधं म्हणजे डोलत्या सिलिंडरचं. त्याला वेगळी झडप नसते. सिलिंडर स्वतःच एका खिळीवर डोलतो, त्याच्या सपाट पाठीवरचं भोक समोरच्या ठोकळ्यातल्या दोन भोकांसमोर आळीपाळीने येतं: एकातून वाफ आत, दुसऱ्यातून बाहेर. दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना चिकटून राहावेत म्हणून मागून स्प्रिंग असते. सगळी करामत या दोन सपाट चेहऱ्यांत आहे. जाड काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून ते घासावेत. चकाकी सगळीकडे सारखी दिसली की ते सपाट झाले. स्प्रिंग फार कसली तर इंजिन जड होतं, ढिली ठेवली तर दाब वाढताच चेहरे विलग होऊन वाफ फुसफुसते.

आता दोष शोधण्याची माझी सगळ्यात आवडती युक्ती. इंजिन आधी हवेवर चालवून बघा. छोटा कॉम्प्रेसर पुरतो. हवेचं पाणी होत नाही. हवेवर इंजिन शिवणयंत्रासारखं गुळगुळीत चालतंय आणि वाफेवर अडखळतंय, तर यंत्रभाग बहुतेक ठीक आहे आणि उष्णता वाटेत कुठेतरी गळतेय. हवेवरही अडखळत असेल तरच पाना हातात घ्या.

वाफेवर पहिली मिनिटं तर अडखळणं ठरलेलंच. गार सिलिंडरमध्ये शिरलेल्या वाफेचं पाणी होतं, आणि पाणी दबत नसल्याने दट्ट्या टोकाला जाऊन अडतो. अशा वेळी जोर लावायचा नाही. वाफ थोडीशीच सोडून फ्लायव्हील (इंजिनाचं जड चाक) बोटाने मागेपुढे करत राहायचं. बाहेर जाणाऱ्या नळीतून आधी गरम पाण्याच्या पिचकाऱ्या उडतात, मग ओली वाफ येते, मग एकाएकी इंजिन स्वतःहून पळू लागतं. डोलत्या सिलिंडरची स्प्रिंग इथे उपकारी ठरते: अडकलेलं पाणी चेहऱ्यांना जरासं दूर ढकलून निसटतं, दांडा वाकत नाही.

इंजिन गरम झाल्यावरही पिचकाऱ्या थांबल्या नाहीत, तर बॉयलरमधूनच पाणी येतंय. बॉयलर गळ्यापर्यंत भरलेला असतो, किंवा आत तेलाचा अंश जाऊन पाणी फेसाळतं. पाऊण भाग भरा, वाफ सर्वांत उंच जागेवरून घ्या. त्याहून चांगला उपाय म्हणजे वाफेची नळी इंजिनाकडे नेण्याआधी एकदा जाळाच्या नळीतून फिरवून आणायची. थेंब उडून जातात, वाफ कोरडी आणि आणखी गरम होते. नळीवर सुती दोरी घट्ट गुंडाळायची, बॉयलरवर सागाच्या पातळ पट्ट्या बांधायच्या. मॉडेलवर त्या पट्ट्या देखण्या दिसतात, पण त्या तिथे उष्णता अडवायला असतात.

तेल देण्याची पद्धत मला या सगळ्यात फार सुंदर वाटते. वाफेच्या नळीला चिकटून अंगठ्याएवढं पितळी भांडं असतं, त्यात वाफेच्या इंजिनासाठीचं दाट तेल भरलेलं, आणि नळीत उघडणारं सुईच्या अग्राएवढं भोक. भोकातून आत शिरलेल्या वाफेचं पाणी होतं, ते जड म्हणून तळाशी बसतं आणि तेवढंच तेल वर उचललं जाऊन नळीत उतरतं. वाफेचं पाणी होणं, ज्याच्याशी इतका वेळ भांडलो, तेच इथे कामाला जुंपलेलं आहे. फेरी संपल्यावर भांडं उघडून पाहावं. सगळं तेल तसंच असेल तर भोक तुंबलंय. पाच मिनिटांतच नुसतं पाणी असेल तर भोक मोठं झालंय. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वाफेबरोबर हे तेल तळ्यात जाऊ नये म्हणून वाटेत एक छोटी डबी बसवायची, तेल-पाणी तिच्यात साठतं.

टेबलावर निळी, शांत असणारी ज्योत बोटीत ठेवल्यावर पिवळी होऊन फडफडत असेल तर डेकखाली तिला हवा पुरत नाही. झरोके मोठे करा. गॅसचं आणखी एक आहे: टाकीतलं ब्यूटेन उडताना स्वतःच्या अंगातली उष्णता घेऊन जातं आणि गार होतं. ते मुळात उणे अर्ध्या अंशाला उकळतं, त्यामुळे नाशिक-पुण्याच्या थंडीतल्या पहाटे टाकीचा दाब चटकन उतरतो आणि ज्योत मरगळते. प्रोपेन मिसळलेला गॅस तेव्हा बरा. आणि हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर बोटीच्या तळाशी साचून राहतो, म्हणून बर्नर पेटवण्याआधी बोटीचं पोट हवेशीर करायचं.

पंखा निवडताना विजेच्या मोटरचा छोटा, झपझप फिरणारा पंखा लावू नये. वाफेचं इंजिन सावकाश पण जोरकस फिरतं. त्याला मोठ्या व्यासाचा आणि पात्यांना जास्त पीळ असलेला पंखा मानवतो. लहान पंख्यावर इंजिन नुसतं भिरभिरतं, वाफ उडवतं आणि बोट हलत नाही.

शेवटी वजनकाटा. फेरीआधी आणि फेरीनंतर, गार झाल्यावर, बॉयलरचं वजन घ्या, किती मिनिटं चालली ते लिहा. वरच्या इंजिनाला कागदावर मिनिटाला ३ ग्रॅम लागतात. प्रत्यक्षात ६ लागले तर मी समाधान मानतो. १२ लागत असतील तर आधी दोरी, मग कोरडी वाफ, मग चेहऱ्यांची गळती, या क्रमाने एकेक बदल करून पुन्हा वजन घ्यायचं. एका वेळी एकच बदल, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही.